उभ्या ट्रकचं इंजिन तापतंय? रेडिएटर बदलण्याआधी तपासणीचा हा क्रम पाळा

जुना ट्रक मोकळ्या रस्त्यावर कितीही पळवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. वाहतुकीत अडकला की मात्र पाच-दहा मिनिटांत चढू लागतो. यावर लोक जे करतात तेही ठरलेलं असतं. आधी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रोखणारा वॉल्व्ह) काढून फेकायचा, मग मोठा रेडिएटर बसवायचा, त्यानंतर इलेक्ट्रिक पंखा. एवढं करूनही ट्रक उभा राहिला की तापतोच, कारण सुरुवातच चुकीच्या टोकाने झालेली असते.

वेगात असताना इंजिन आयडलपेक्षा (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कितीतरी जास्त उष्णता तयार करतं आणि ती सगळी तोच रेडिएटर बाहेर टाकतो. म्हणजे रेडिएटरची ताकद बहुधा पुरेशी आहे. ट्रक थांबल्यावर समोरून आदळणारा वारा बंद होतो आणि हवा ओढण्याचं सगळं काम पंख्यावर येतं, तोही त्या वेळी सर्वांत कमी वेगाने फिरत असताना. म्हणून शोध हवेपासून सुरू करायचा. पाण्याकडे नंतर वळायचं आणि नवे भाग घ्यायचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

तुमचा ट्रक याच्या उलट वागत असेल, म्हणजे उभा असताना ठीक पण वेगात तापत असेल, तर दोष बहुतेक पाण्याच्या प्रवाहात आहे. तुम्ही थेट टप्पा ६ वर जा. पुढचं सगळं कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा असलेल्या पेट्रोल इंजिनाला धरून लिहिलं आहे. डिझेल असेल तर टप्पा ५ गाळा.

## तयारी

हाताशी एवढं हवं: गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, इन्फ्रारेड थर्मामीटर, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज, मल्टिमीटर, टॉर्च आणि वही. वही चेष्टेने सांगत नाही. दोन-तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच शोध पुन्हा सुरू होतो.

कशालाही हात लावण्याआधी आजची स्थिती नोंदवा. ट्रक मोकळ्या जागेत सपाटीवर उभा करा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि २० मिनिटं आयडलला चालवा. दर ५ मिनिटांनी काट्याची जागा, थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान, आरपीएम आणि बाहेरचं तापमान लिहा. पुढची प्रत्येक चाचणी याच नोंदीशी ताडून बघायची आहे.

धोका: बंद गॅरेजमध्ये इंजिन आयडलला ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला घ्या, चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस पट्ट्यापासून लांब ठेवा. फिरत्या पंख्याच्या रेषेत उभं राहू नका, जुन्या पंख्याचं पातं तुटून उडू शकतं. इलेक्ट्रिक पंखा असेल तर बॅटरी सोडल्याशिवाय त्यात हात घालू नका, काही जोडण्यांत तो चावी बंद असतानाही सुरू होतो.

## टप्पा १: काटा खरं सांगतोय का?

जुन्या गाडीचा काटा हा पुरावा मानू नये. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर त्यावर रोखा. चकचकीत धातूवर हे यंत्र तापमान बरंच कमी दाखवतं आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. पट्टीवरचं तापमान आतल्या पाण्यापेक्षा थोडं कमी येईल, ते चालतं.

काटा धोक्याच्या खुणेवर आणि हाउसिंग ९० अंश सेल्सिअसला असेल, तर दोष विजेच्या बाजूला शोधा. सेंडर (पाण्याचं तापमान काट्याला कळवणारा भाग) बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली असेल, तर त्याचं अर्थिंग बिघडून काटा चुकीचं दाखवतो. डॅशबोर्डवर इंधनाचा आणि तापमानाचा काटा एकाच वेळी वर चढत असतील, तर मीटरच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर संशय घ्या. इंजिनाचा त्यात दोष नाही.

आता 'तापणं' कशाला म्हणायचं ते ठरवा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असलेलं इंजिन उन्हात आयडलला ९५ पर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं, तर त्याला दुरुस्ती लागत नाही. चढत जाऊन स्थिरावणं आणि चढतच राहणं यांत फार मोठा फरक आहे. तसंच, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं काटा वर जातो. पाणी फिरायचं थांबतं आणि सिलिंडर हेडमधली उष्णता जागच्या पाण्यात उतरते, म्हणून तसं होतं. तेवढ्यावरून घाबरू नका.

## टप्पा २: पातळी, टोपण आणि अडकलेली हवा

हे काम पूर्ण थंड इंजिनावरच करा.

धोका: गरम रेडिएटरचं टोपण उघडू नका, फडकं धरूनही नाही. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात उकळून अंगावर येतं.

पातळी कोअरच्या (रेडिएटरमधल्या पाण्याच्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या फिन) वर असायला हवी. इथिलीन ग्लायकॉल कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मंनिम्मं ठेवा. नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं आहे, पण ते लवकर उकळतं आणि ब्लॉकला आतून गंजवतं. दुसरीकडे, कूलंट जास्त ओतलं की थंडावा वाढतो हा समज उलटा आहे. निम्म्याच्या वर गेलात की मिश्रणाची उष्णता वाहण्याची क्षमता घटते. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.

टोपणाचा रबर आणि स्प्रिंग तपासा. प्रत्येक १ पीएसआय (दाबाचं एकक) दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वाढतो, त्यामुळे ढिलं पडलेलं टोपण म्हणजे सुरक्षेचा मोठा भाग गेला. म्हणून जास्त पीएसआयचं टोपण लावायचं का? नाही. कित्येक जुन्या ट्रकचे रेडिएटर ७ पीएसआयच्या आसपासच्या दाबासाठी बनवलेले आहेत. त्यांवर १५ चं टोपण लावलं तर सांधे फुटतील. मॅन्युअलमधला आकडा पाळा.

हवा काढण्यासाठी ट्रकचं तोंड थोडं चढावर करा, केबिन हीटरचा वॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि थंड इंजिन टोपण काढूनच सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घाला. पातळी स्थिर झाली की टोपण लावा.

तपासणी: पातळी स्थिर झाल्यावरही बुडबुडे सतत येत राहिले, किंवा गळती न दिसता कूलंट कमी होत असेल, तर इथेच थांबा. हेड गॅस्केटमधून (ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यातली सील) जळका वायू पाण्यात येत असण्याची शक्यता आहे. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते, वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. ते निस्तरल्याशिवाय पुढचे टप्पे करणं फुकट आहे.

## टप्पा ३: हवेची वाट

हा या लेखाचा गाभा आहे. घाई करायची असेल तर ती बाकी टप्प्यांत करा, इथे नको.

आधी दोन चाचण्या. इंजिन गरम असताना आयडलला ग्रिलसमोर, पंख्यापासून सुरक्षित अंतरावर, कागद धरा. तो रेडिएटरकडे खेचला जाऊन चिकटून राहायला हवा. मधोमध चिकटतो आणि कोपऱ्यांत गळून पडतो, असं झालं तर पंखा कोअरच्या फक्त मधल्या भागातून हवा ओढतोय.

दुसरी चाचणी त्याहून बोलकी आहे. थर्मोस्टॅट उघडलेला असताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजजवळचं तापमान मोजा. इंजिन तापलेलं आहे आणि दोन्हीकडे जवळजवळ सारखंच गरम आहे, तर पाणी फिरतंय पण हवा त्यातली उष्णता नेत नाही. तुम्ही योग्य टप्प्यावर आहात. वरचा होज भाजतोय आणि खालचा बराच थंड आहे, तर पाणीच नीट फिरत नाही. टप्पा ६.

कोअर स्वच्छ करा. पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे हवा जिकडून येते तिच्या उलट दिशेने. समोरून मारलात तर किडे आणि माती आणखी आत ठासली जातात. प्रेशर वॉशर जवळून धरू नका, फिन आडव्या होतात. एसीचा कंडेन्सर किंवा ऑइल कूलर पुढे असेल तर दोघांच्या फटीत टॉर्च मारून बघा. बाहेरून कोरा दिसणारा रेडिएटर आत केरकचऱ्याची गादी घेऊन बसलेला असतो. धुताना एका फिनला बोटाने हलकेच दाबा. तिचा चुरा झाला किंवा ती नळीपासून सुटलेली असेल, तर तो कोअर संपला. नळीतलं पाणी फिरतं, पण उष्णता फिनपर्यंत पोचतच नाही. असा कोअर धुऊन सुधारत नाही.

फटी बुजवा. रेडिएटर आणि त्याच्या चौकटीमध्ये, वर बॉनेटच्या कडेला, खाली बंपरच्या मागे बघा. ट्रक उभा असताना पंखा कोअरमधून गेलेली गरम हवा मागे फेकतो, आणि तीच हवा या फटींतून फिरून पुन्हा पुढे येते. रेडिएटरला मग बाहेरची हवा मिळत नाही, इंजिनाचीच गरम हवा मिळते. वेगात समोरचा वारा तिला मागे रेटतो, म्हणून हा दोष फक्त थांबल्यावर उघडा पडतो. मूळची रबरी पट्टी बहुतेक ट्रकमधून कधीच गळून गेलेली असते, आणि रंगकामानंतर ती परत लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. उष्णता सहन करणारा फोम किंवा रबरपट्टी लावा. या सगळ्या यादीत इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम माझ्या पाहण्यात नाही.

श्राउड. पंख्याभोवतीचं हे आवरण काढून ठेवलं, तर पंखा कोअरऐवजी आजूबाजूची हवा खेचतो. भोक पडलेल्या नळीने पाणी ओढण्यासारखाच तो प्रकार. काही जुन्या ट्रकना कारखान्यातूनच श्राउड नव्हता, त्यांनाही तो बसवून घ्यावा. बसवताना तीन गोष्टी बघा:

- श्राउडची कड कोअरला सगळीकडून टेकलेली असावी, कुठेही उजेड दिसू नये.
- पात्याची साधारण निम्मी रुंदी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. पूर्ण आत गेलेला पंखा हवा नीट बाहेर फेकू शकत नाही, पूर्ण बाहेर असलेला भलतीकडची ओढतो.
- पात्याचं टोक आणि श्राउड यांच्यात सर्व बाजूंनी १२ ते २५ मिलिमीटर जागा हवी.

तपासणी: जागा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी दिसते? श्राउड कापायला घेण्याआधी इंजिन माउंटिंग बघा. माउंटिंगचं रबर बसलं की इंजिन खाली झुकतं, आणि जोर देताना पंखा श्राउडला घासतो.

## टप्पा ४: पंखा

आधी दिशा. रेडिएटरमागचा पंखा हवा इंजिनाकडे ओढतो, त्यामुळे पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी. पंखा पुढचा मागे करून बसवला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त फार कमी जाते. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. उलट फिरणाऱ्या पट्ट्यासाठी बनवलेला पंखा साध्या पट्ट्यावर लावला तर मात्र हवाच उलटी जाते. इंजिन बदललेल्या ट्रकमध्ये हे नक्की तपासा, आणि वॉटर पंपाचंही तेच.

पंख्याला व्हिस्कस क्लच (आतल्या घट्ट तेलाने पंखा कमी-जास्त पकडणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. थंड असतानाही तो जड वाटला पाहिजे. गरम इंजिन बंद केल्यावर त्याहून जड. झटका दिला आणि तीन-चार फेरे मोकळा फिरला, पुढेमागे हलतो किंवा क्लचच्या मध्यातून तेलाचे ओघळ आलेत, तर क्लच बदला. क्लचच्या तोंडावर धातूची गुंडाळी असेल तर तो तापमानावर चालणारा आहे, आणि ती गुंडाळी कोअरमधून येणारी हवा मोजते. पंखा कोअरपासून फार मागे बसला असेल तर तिला उष्णता उशिरा कळते. कोअरपासून साधारण ५० ते ६० मिलिमीटर हे ठीक अंतर.

इलेक्ट्रिक पंख्याबद्दल माझं मत सरळ आहे: पट्ट्याचा पंखा, चांगला क्लच आणि पूर्ण श्राउड यांना आयडलला मात देणारा इलेक्ट्रिक पंखा बसवणं वाटतं तितकं सोपं नाही. मोठा पंखा २० ते ३० अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. जुना डायनामो आयडलला जेमतेम चार्ज करतो, लहान अल्टरनेटरची स्थिती थोडीच बरी. म्हणजे पंख्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच व्होल्टेज पडतं आणि पंखा मंदावतो. तरीही बसवायचाच असेल तर आयडलला पुरेसा करंट देणारा अल्टरनेटर आधी घ्या, रिले लावा, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा आणि वायर जाड घ्या. पंखा थेट कोअरला चिकटवू नका, तो फक्त आपल्या गोलाएवढाच भाग थंड करतो. पूर्ण कोअर झाकणारा श्राउड त्यालाही लागतोच.

तपासणी: पंखा चालू असताना मल्टिमीटर बॅटरीवर न लावता पंख्याच्या टर्मिनलवर लावा. आयडलला तिथे १३ व्होल्टच्या खाली आकडा असेल तर वायरिंग किंवा अल्टरनेटर कमी पडतोय.

इथवर आलात की २० मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या. बऱ्याच ट्रकचं काम इथेच संपतं.

## टप्पा ५: इग्निशन टायमिंग

ठिणगी उशिरा पडली की इंधन जळायलाही उशीर होतो, जळतं मिश्रण एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडतं आणि तिथली उष्णता सिलिंडर हेडमधून पाण्यात येते. आयडलला याचा परिणाम ठळक दिसतो.

१. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढा, तिचं तोंड बंद करा, आणि मॅन्युअलमधल्या आरपीएमवर मूळ टायमिंग लावा. नळी न काढता टायमिंग लावणं ही नेहमीची चूक.

२. पुलीवरच्या टायमिंगच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परची बाहेरची कडी जुन्या रबरावर सरकते आणि खूणही तिच्याबरोबर सरकते. पिस्टन खरोखर वरच्या टोकाला असताना खूण शून्यावर येते का ते एकदा पाहा.

३. नळी कुठून येते ते बघा. कार्बुरेटरच्या थ्रॉटलच्या वरच्या भोकातून येत असेल तर आयडलला तिच्यात व्हॅक्यूम नसतो आणि ॲडव्हान्सही (ठिणगी लवकर पडणं) मिळत नाही. मॅनिफोल्डमधून येत असेल तर मिळतो. प्रदूषणाचे नियम आल्यावर बऱ्याच गाड्यांत पहिली पद्धत आली. तिच्यामुळे आयडलला इंजिन जास्त तापतं हे ठाऊक असल्याने काही गाड्यांत, पाणी फार तापलं की आपोआप मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जोडणारा वॉल्व्हही दिलेला असायचा. तुमच्या ट्रकवर तो असेल तर आधी तो चालतो का बघा.

४. नियम परवानगी देत असतील तर नळी मॅनिफोल्डला जोडून बघा. आयडल वाढेल, तो स्क्रूने पुन्हा खाली आणा. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डबा इंजिनाच्या आयडल व्हॅक्यूमपेक्षा किमान २ इंच पारा (व्हॅक्यूम गेजचं माप) कमी व्हॅक्यूमवर पूर्ण ओढला गेला पाहिजे. नाहीतर ॲडव्हान्स मागेपुढे होत राहतो आणि आयडल डगमगतो.

तपासणी: चढावर, भार असताना इंजिनातून खडखड आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे गेलंय. लगेच मागे घ्या. हा आवाज पिस्टन फोडू शकतो.

इंधन-हवेचं मिश्रण फार पातळ (इंधन कमी, हवा जास्त) असेल तरीही इंजिन तापतं. कडक झालेल्या, तडकलेल्या व्हॅक्यूम नळ्या आणि कार्बुरेटरखालची गॅस्केट एकदा बघून घ्या.

## टप्पा ६: पाण्याचा प्रवाह

पट्टा चकचकीत झालेला असेल तर तो घसरतोय. दोन पुलींच्या मध्ये बोटाने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून गळती दिसली की पंप बदला. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, रेस दिल्यावर तो चिपतो का बघा. त्याच्या आत स्प्रिंग असेल तर नवा घालताना ती विसरू नका.

थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी ८-१० अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. ८२ ऐवजी ७१ अंशांचा घालून उभ्या ट्रकचं तापणं थांबत नाही. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. एकदा तो पूर्ण उघडला की पुढचा प्रश्न हवेचा आणि रेडिएटरचा. त्याने फार तर तापायला काही मिनिटं जास्त लागतील.

इंजिन आयडलला गरम ठेवून, समोरून, इन्फ्रारेड थर्मामीटर कोअरवर ओळीने फिरवा. आत येणाऱ्या बाजूपासून बाहेर जाणाऱ्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या गाळाने बंद आहेत. ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरभोवतीही गंज आणि गाळ साचतो. रेडिएटर कितीही धुतला तरी तो निघत नाही, त्यासाठी ब्लॉकचे ड्रेन प्लग उघडावे लागतात. प्लग उघडल्यावर काहीच बाहेर आलं नाही, तर आत गाळच आहे असं समजा आणि तारेने भोक मोकळं करा.

## टप्पा ७: शेवटची चाचणी, आणि रेडिएटर घ्यायचाच असेल तर

पहिल्या दिवसाएवढ्याच उन्हात तीच २० मिनिटांची चाचणी घ्या. एसी असेल तर एकदा बंद ठेवून आणि एकदा चालू करून. ऑटोमॅटिक गिअर असेल तर थांबल्यावर न्यूट्रलला घेण्याने किती फरक पडतो तेही नोंदवा. गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा तेलाचा भाग) भार सतत ओढतं, आणि गिअरबॉक्सचं तेल बहुतेक वेळा याच रेडिएटरच्या टाकीत थंड होतं. वाहतुकीत काटा चढू लागलाच तर एसी बंद करा, न्यूट्रलला घ्या, आरपीएम १००० ते १२०० वर धरा आणि हीटर पूर्ण सोडा. हा तात्पुरता उपाय आहे. वाफ दिसली की बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

सगळे टप्पे तपासूनही तापमान चढतच राहिलं आणि कोअरवर थंड पट्टे किंवा सुटलेल्या फिन दिसल्या, तर आता रेडिएटर घ्या. निवडताना नुसती जाडी बघू नका. जाड कोअरमधून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो, म्हणून कमकुवत पंख्यामागे चार रांगांचा कोअर आयडलला जुन्यापेक्षाही वाईट वागू शकतो. जागा असेल तर उंची-रुंदी वाढवा, किंवा रुंद नळ्यांचा दोन रांगांचा ॲल्युमिनियम कोअर घ्या. नवा कोअर जुन्यापेक्षा जाड असेल तर पंख्यापर्यंतचं अंतर कमी होतं आणि पातं श्राउडमध्ये जास्त आत जातं. त्यामुळे तो बसवल्यावर टप्पा ३ मधली मापं आणि फटी पुन्हा तपासाव्या लागतात.